बैठकींतील वीर आणि त्यांचीं पुस्तकें

खेळाला पुस्तक लागतें हें ऐकून आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटण्याचा संभव आहे. सोंगट्या किंवा बुद्धिबळें कोणी पुस्तक वाचून शिकल्याचें क्वचितच ऐकिवांत असेल; ते खेळ आजोबांच्या शेजारीं बसून, दोनचार वेळां हरून शिकावयाचे असतात. परंतु ज्या खेळाच्या पुस्तकांचा परामर्श या महिन्याच्या सदरांत घ्यावयाचा आहे, त्याचा सारा डोलारा पुस्तकांवरच उभा आहे. चारपांच जणांनीं मेजाभोंवतीं अथवा सतरंजीवर बसावें; एकानें सूत्रधार व्हावें; बाकीच्यांनीं एकेक वीर आपल्याकडे घ्यावा. सूत्रधारानें प्रसंग सांगावा— धरणाच्या भिंतीला तडा गेला आहे, खालच्या गांवांत माणसें झोंपलेलीं आहेत, पहाट व्हावयास दोन घटका उरल्या आहेत— आणि ‘आतां तूं काय करशील?’ म्हणून एकेकास विचारावें. ज्यानें त्यानें आपल्या वीराच्या मुखानें उत्तर द्यावें. यशाची खात्री नसेल तेथें फांसा टाकून निकाल लावावा, आणि त्या निकालाला धरून सूत्रधारानें कथा पुढें न्यावी. यांत पैज नाहीं, आणि जिंकणें-हरणें तर मुळींच नाहीं. कीर्तनांतील आख्यान, मुलांचें नाटक व सोंगट्या या तिहींच्या मधली ही वस्तु आहे, असें म्हटलें तरी चालेल.

आज एकाच दिवाणखान्यांत सहा माणसें बसतात व सहाहि जण आपापल्या मोबाईलमध्यें डोकें घालून बसतात. एकत्र कुटुंब म्हणजे एका छपराखालचीं एकाकी माणसें, असा त्या शब्दाचा अर्थ होऊं लागला आहे. या खेळांत दोन तास एकमेकांचें बोलणें ऐकावें लागतें. एवढ्या एका गुणासाठींहि तो घरांत येऊं द्यावा, या मताचा मी आहें. मात्र पुस्तकें पाहून घ्यावींत. या खेळाच्या नांवावर निघालेल्या पुस्तकांपैकीं पुष्कळशीं केवळ शस्त्रांच्या व शक्तींच्या याद्या असतात. त्या मुलांच्या हातीं पडल्या कीं खेळाचा जमाखर्च होतो आणि जमाखर्चाचें भांडण होतें. वीराला काय करतां येतें हें सांगणाऱ्या पुस्तकापेक्षां त्याला काय करतां येत नाहीं, किंवा करावयाचें नाहीं, हें सांगणारें पुस्तक शतपट उपयोगी. हीच कसोटी मी पुढें लावली आहे.

हा प्रकार 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानें रूढ झाला. तो तरवारींचा, जादूगारांचा व भुयारांचा खेळ. तिकडील चित्रकथांतून आकाशांत उडणारे व भिंती फोडणारे जे ‘सुपरहीरो’ येतात— आपण त्यांस अद्भुतवीर म्हणूं— त्यांचे खेळ त्यानंतर चारदोन वर्षांत निघाले. आणि त्यांतला पहिला खरोखर विचारपूर्वक रचलेला नियमग्रंथ म्हणजे, माझ्या मतें, जॉर्ज मॅकडोनाल्ड व स्टीव्ह पीटरसन यांचा 1981 सालचा ‘चॅम्पियन्स’. यांत वीर नशिबानें मिळत नाहीं. प्रत्येकास ठराविक गुणांचें भांडवल मिळतें व त्यांतून उड्डाण, बळ, चपळाई असें जें हवें तें विकत घ्यावयाचें असतें. पण हें भांडवल अपुरें पडतें, आणि तेथेंच या ग्रंथाची खुबी आहे. अधिक गुण हवे असतील तर आपल्या वीरास वैगुण्यें जोडावीं लागतात. एखाद्या पदार्थापुढें त्याचें बळ चालत नाहीं. कोणी शत्रु सदैव मागावर आहे. खरें नांव गुप्त राखणें भाग आहे. अन्याय पाहून त्याच्यानें स्वस्थ बसवत नाहीं— अशा प्रत्येक बंधनाबद्दल गुण मिळतात. इतकेंच काय, म्हातारी मावशी किंवा धाकटा भाऊ आपल्यावर अवलंबून असेल तर त्याबद्दलहि मिळतात. या हिशेबानें आपल्या घरांतील कर्ता पुरुष, आणि त्याहूनहि अधिक घरांतील कर्ती बाई, केवढे मोठे वीर ठरतील हें वाचकांनींच मोजून पाहावें.

आमच्या घरीं एका नऊ वर्षांच्या मुलानें पहिल्या दिवशीं जो वीर केला त्याला सर्व शक्ति होत्या व उणीव एकहि नव्हती. अर्ध्या तासांत इतर मुलें कंटाळलीं, आणि पाऊण तासांत तो स्वतःच कंटाळला. कारण ‘आतां तूं काय करशील?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ नेहमीं एकच उत्तर असे. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या वीरास अंधाराची भीति जोडली. त्या संध्याकाळीं जेवणाचीं पानें वाढलीं तरी कोणी जागचें उठेना.

ही गोष्ट आपणांस अमेरिकेनें शिकवावयास हवी होती असें नाहीं. मारुतीला आपल्या बळाची आठवण राहणार नाहीं असा ऋषींचा शाप. म्हणून समुद्रकांठीं जांबवंताला ती करून द्यावी लागली. अभिमन्यूला चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक, बाहेर पडणें ठाऊक नाहीं. भीष्म शिखंडीवर शस्त्र धरणार नाहींत. रावणानें वर मागतांना देव, दानव, यक्ष, सर्व मोजले व माणसाला मात्र क्षुद्र समजून वगळलें. कर्णाचें चरित्र म्हणजे तर वैगुण्यांचा संपूर्ण अध्यायच होय. ऐन वेळीं अस्त्र आठवणार नाहीं हा गुरूचा शाप, रथाचें चाक भूमि गिळील हा ब्राह्मणाचा शाप, याचकाला नाहीं म्हणावयाचें नाहीं हें स्वतःचें व्रत. आणि कवचकुंडलांच्या मोबदल्यांत इंद्रानें दिलेली शक्ति एकदांच वापरावयाची, ती अर्जुनासाठीं राखून ठेवली असतां घटोत्कचावर खर्ची पडते. एकदांच चालणारी शक्ति कोणत्या क्षणीं वापरावी, या एकाच प्रश्नावर मुलें तासभर वाद घालतात. तो ऐकण्यासारखा असतो.

म्हणून या खेळाचा पहिला आधारग्रंथ या नात्यानें मी ज्याचें नांव घेईन तें पुस्तक खेळाचें नाहींच. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश’ 1932 सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. वर्णानुक्रमानें लावलेल्या व्यक्ति, त्यांचें कुळ, त्यांचे पराक्रम, वर, शाप, आणि हें सर्व कोठें सांगितलें आहे त्याचे आधार. जुन्या घरांतून हा जाडजूड ग्रंथ अजून आढळतो व बहुधा त्यावर धूळ असते. अमेरिकेंतील टी. एस. आर. कंपनीनें 1988 पासून मार्व्हलच्या वीरांचा जो वर्णानुक्रमी कोश सुट्या, भोंकें पाडलेल्या पानांत काढला, तो याच जातीचा. नवा वीर निघाला कीं त्याचें पान योग्य जागीं ओवून द्यावें, ही त्यांतील युक्ति मला फार आवडली. त्या कोशांत प्रत्येकाचें बळ मोजून मांडलेलें आहे. चित्रावशास्त्र्यांनीं तें काम वाचकावर सोपविलें आहे, आणि तें करतांना मुलें कोश वाचतात हा लाभ निराळाच. मोठ्या मुलामुलींच्या हातीं याच्या जोडीला इरावती कर्वे यांचें ‘युगान्त’ (1967) द्यावें. अद्भुताचें वेष्टन काढल्यावर त्या पात्रांत काय उरतें, हें दाखविणारी याहून चांगली पुरवणी मला ठाऊक नाहीं. लहानांस मात्र तें देण्याची घाई नको. वेष्टनाची गोडी लागण्यापूर्वीच तें काढण्यांत अर्थ नाहीं.

येथें वृद्ध मंडळींचा एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे: देवादिकांना फांशांच्या खेळांत ओढावें काय? आपल्या पूर्वजांना खेळांत देवाचें वावडें नव्हतें. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, मिळून 120 वाटोळीं पानें. डाव दिवसा असेल तर आरंभ रामाकडून, रात्रीं असेल तर कृष्णाकडून. पांच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पांचांत एक्का मोठा. तेव्हां स्मरणशक्तीची चांगलीच परीक्षा होते. परंतु रामाचें पान हातीं धरणें निराळें आणि ‘मी राम, मी आतां अमुक करतों’ म्हणणें निराळें. कोंकणांतील दशावतारी नाटकांत नट देव होऊन बोलतो हें खरें. पण त्याच्या पाठीशीं परंपरेची शिस्त असते. आपल्या दिवाणखान्यांत ती नसते, आणि तिसऱ्या प्रहरीं चिवड्याचा बकाणा भरून एखादा मुलगा कृष्ण होऊन बोलूं लागला तर आजीला वाईट वाटणें स्वाभाविक आहे. आमच्याकडे यावर असा तोडगा निघाला आहे कीं मुलांनीं वीर स्वतः कल्पावे, शाप व व्रतें मात्र पुराणांतून उसनीं घ्यावीं. फांशांविषयींचा आक्षेप मला मान्य नाहीं. सभापर्वांत सर्वनाश झाला तो पणामुळें. येथें पणाला लावावयास कांहींच नसतें.

या सर्व पुस्तकांत आपल्या वाचकांस सर्वांत चमत्कारिक वाटेल तें जेफ ग्रब यांचें ‘मार्व्हल सुपर हीरोज’. टी. एस. आर. कंपनीनेंच तें 1984 सालीं काढलें. त्या खेळांतील एका भांडवलाचें नांवच मुळीं ‘कर्म’ असें आहे! वीरानें संकटांतून कोणास सोडविलें, अपराध थांबविला, कीं त्याच्या नांवावर कर्म जमा होतें. दिलेला शब्द मोडला, कर्तव्य टाळलें, कीं वजा होतें. अवघड प्रसंगीं फांशाचें दान सुधारून घेण्यासाठीं तें खर्च करावयाचें. पण आपण खर्च करणार हें दान टाकण्यापूर्वीच सांगावें लागतें, हा नियम मला मार्मिक वाटतो. आणि वीराच्या हातून मनुष्यवध झाला तर? सांठविलेलें सर्व कर्म एका क्षणांत शून्यावर येतें. शत्रु कितीहि नीच असो. सबब चालत नाहीं. आपल्या शास्त्रांतील कर्माशीं या कल्पनेचा संबंध दूरचाच आहे. जें सांठवितां येतें व खर्चून संपवितां येतें त्याला ग्रब यांनीं ‘पुण्य’ म्हटलें असतें तर अधिक शोभलें असतें. परंतु नांवाचा घोंटाळा सोडला तर नियम उत्तम आहे. मुलांच्या हातीं जे मोबाईलवरील खेळ असतात त्यांतील पुष्कळांत जितके अधिक मारावे तितके अधिक गुण. येथें नेमकें उलट.

त्याच पुस्तकांत दुसरी एक सोय आहे. चारचौघे वीर मिळून आपापलें कर्म एका सामाईक पेढीवर ठेवूं शकतात, व ज्याला गरज पडेल त्यानें त्यांतून घ्यावें. सामाईक भांडवलाच्या या व्यवस्थेंतून जे प्रश्न निघतात ते आपल्या वाचकांस सांगावयास नकोत. कोणीं किती घातलें, कोणीं किती उचललें, धाकट्याला का दिलें, आणि मीच नेहमीं का घालावें! चुलत भावंडांत हा वाद पेटला असतां वडील मंडळींनीं त्यांत पडूं नये. मुलें एखाद्या तासांत जो निवाडा करतात तो पाहून मोठ्यांसच कांहीं सुचण्याचा संभव असतो.

खलनायकांचीं पुस्तकें अनेक आहेत. ‘चॅम्पियन्स’ची पहिली पुरवणीच ‘एनिमीज’ नांवाची, 1981 सालची. एक पुरे. स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या नियमग्रंथांत वैगुण्याचा उपयोग अधिक सुटसुटीत आहे: तें कथेंत प्रत्यक्ष आडवें आलें कीं त्याच वेळीं खेळणाराला मोबदला मिळतो, आधीं नाहीं. नवशिक्यांनीं याच ग्रंथापासून आरंभ करावा.

पण सर्व पुरवण्यांत एकच घ्यावयाची झाली तर मी एरन ऑल्स्टन यांची ‘स्ट्राइक फोर्स’ (1988) घेईन. ऑल्स्टन यांनीं स्वतः मित्रमंडळींत वर्षानुवर्षें चालविलेल्या खेळाची ती हकीकत आहे. तींत वीर आहेत, शत्रु आहेत; परंतु तिचें खरें मोल खेळणाऱ्या माणसांविषयीं जें लिहिलें आहे त्यांत आहे. कोणी केवळ हाणामारीसाठीं येतो. कोणाला कांहीं तरी उभारावयाचें असतें. कोणाला आपल्या वीराच्या मनाचा तळ गाठावयाचा असतो. कोणाला त्याचा शोकान्त हवा असतो. कोणाला सर्वांनीं आपल्याकडे पाहावें एवढेंच हवें असतें. आणि कोणी तर नुसता मित्राशेजारीं बसावयास आलेला असतो. या शेवटच्यालाहि ऑल्स्टन खेळणाराच समजतात, हें वाचून मला त्यांच्याविषयीं आदर वाटला. सूत्रधारानें प्रत्येकाला त्याचें त्याचें कांहीं तरी मिळेल अशी कथा गुंफावी, हा त्यांचा आग्रह. दहा माणसांच्या घरांत रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईस यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. म्हणूनच आजी हा या खेळाचा उत्तम सूत्रधार होय. तिला कथा ठाऊक असतात आणि कोण कशानें रुसतो हेंहि ठाऊक असतें. नियम नातवंडें सांभाळतात.

आतां आपल्या गांवाविषयीं. केन्सन यांनीं 2003 सालीं ‘फ्रीडम सिटी’ ही पुरवणी लिहिली. एक अख्खें काल्पनिक शहर, त्यांतील वस्त्या, संस्था, त्याचा इतिहास व तेथील बरेंवाईट लोक, असा तिचा विस्तार. ती वाचतांना माझ्या मनांत सारखें येत होतें कीं छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना कल्पित शहराची गरज काय? 1610 च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी गांवीं हें शहर वसविलें, डोंगरांतून भूमिगत नहरींनीं पाणी आणलें. पुढें पाणचक्कीला खापरी नळांतून आणलेलें पाणी उंच भिंतीवर चढवून खालीं सोडलें व त्यावर दळण दळलें. बावन्न दरवाज्यांचें शहर म्हणून याची ख्याति. भडकल, मकई, दिल्ली, पैठण, रंगीन, हे दरवाजे अजून उभे आहेत. दौलताबादेस खंदक आहे, आणि शत्रूला चकविण्यासाठीं खोदलेला अंधारी नांवाचा वळणावळणाचा मार्ग आहे. (अंधाराची भीति जोडून घेतलेल्या त्या वीराला आम्हीं तेथेंच नेलें होतें.) एके दिवशीं नहरींचें पाणी अकस्मात् थांबतें, एवढ्या एका प्रसंगावर महिनाभराचा खेळ होतो, आणि त्यांत उडतां येणाऱ्या वीराचा कांहीं उपयोग होत नाहीं, जमिनीखालचें पाणी ज्याला ऐकूं येतें त्याचा होतो.

बैठ्या खेळांचा ग्रंथ लिहिण्याची परंपराहि या शहराला आहे, हें फार थोड्यांस माहीत असतें. येथील पंडित हरिकृष्ण वेंकटराम शर्मा यांनीं 1871 च्या सुमारास ‘क्रीडाकौशल्य’ रचलें. त्यांच्या ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या प्रचंड ग्रंथाचा तो एक भाग होय. ज्योतिषाच्या ग्रंथांत बुद्धिबळाचे नाना प्रकार व इतर बैठे खेळ संस्कृत श्लोकांत सांगावेसे ज्या विद्वानाला वाटले, त्याला खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा वाटत नसावा. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें तो छापला. संस्कृत जाणणाऱ्या वडील मंडळींनीं तो मिळवून मुलांस त्यांतील एखादा डाव लावून दाखविण्यासारखा आहे.

वेरूळला तर जावेंच. कैलास लेण्याच्या भिंतीवर दक्षिणेस रामायण व उत्तरेस महाभारत पट्ट्यापट्ट्यांनीं कोरलेलें आहे. आणि खालीं रावण सगळे हात लावून पर्वत हलवितो आहे, वर शिव पायाच्या आंगठ्यानें तो दाबून निश्चल बसले आहेत. शक्तीचा आंकडा किती, असा प्रश्न त्या शिल्पासमोर मुलांच्या तोंडीं येत नाहीं. शेजारच्या पंधराव्या लेण्यांत नरसिंह, वराह, त्रिविक्रम आहेत. सुट्टीच्या दिवशीं गर्दी कैलासाकडे असते व तेथें निवांतपणें पाहतां येतें.

पुरवणी मुलांनीं स्वतः लिहावी काय, असें विचारतां पैठणचें उदाहरण देतां येईल. एकनाथांचें भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत नाथांचें. पुढचा भाग त्यांच्या गावबा नांवाच्या शिष्यानें पूर्ण केला. परंपरा सांगते कीं हा गावबा पुरणपोळीचा लोभी व अभ्यासांत मंद म्हणून ओळखला जाई. तेव्हां घरांतील कोणत्या मुलाच्या हातीं वही द्यावी व कोणाच्या नाहीं, हें आधीं ठरवूं नये.

शेवटीं व्यवहाराचें. वरील इंग्रजी पुस्तकांपैकीं ‘चॅम्पियन्स’, ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ व ‘स्ट्राइक फोर्स’ हीं संगणकावर वाचण्याच्या रूपांत विकत मिळतात, टी. एस. आर. कंपनीचीं आतां छापलीं जात नाहींत, जुनी प्रत मिळाली तरच मिळते. ‘चॅम्पियन्स’ला घरांतले साधे सहा बाजूंचे फांसे चालतात. केन्सन यांच्या खेळाला वीस बाजूंचा फांसा लागतो. तो मिळेपर्यंत 1 पासून 20 पर्यंत आंकडे घातलेल्या चिठ्ठ्या घड्या करून एका वाटींत ठेवाव्या व प्रत्येक वेळीं काढलेली चिठ्ठी पुन्हा वाटींत टाकावी. वाटी खोल असावी. उथळ वाटींतल्या चिठ्ठ्या पंख्यानें उडतात.